बंद पुस्तकाचा अभ्यास

पहाटे पावणेपाच

गजर एकदाच वाजू देते. नारायण पेठेतल्या या खोलीत आम्ही तिघी कॉट बेसिसवर राहतो. एक जण एमपीएससीचा अभ्यास करते, ती दोनपर्यंत जागलेली असते. दुसरी बँकेत आहे, तिची झोप सावध. म्हणून खोलीतला दिवा लावायचा नाही, असं आमचं न बोलता ठरलेलं आहे. चहाचा कप आणि परीक्षेचं पॅड घेऊन मी जिन्यात येते आणि दिव्याखालच्या पायरीवर बसते.

पॅडवर एक कोरा कागद. जवळ पुस्तक नाही, वही नाही, मोबाइलसुद्धा आत ठेवलेला.

सेटला पाच आठवडे उरलेत. माझा विषय इंग्रजी. वरिष्ठ महाविद्यालयात कायम नोकरी हवी असेल तर सेट किंवा नेट हवी, हे इथल्या प्रत्येक एम.ए. झालेल्याला पाठ असतं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, ५० प्रश्नांचा. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्नांचा. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्के पार होतात. मी दोनदा बसले, आणि दुसऱ्या खेपेला तीन प्रश्नांनी राहिले.

काल दिवसभर रोमँटिक कवी केले होते. त्यातलं रात्रभरात काय उरलं, ते आता निळ्या पेनाने उतरवायचं. अर्धा तास. मग आत जाऊन पुस्तक आणायचं आणि जे सुटलं ते लाल पेनाने भरायचं.

निळ्यात आज बरंच आलं. 'लिरिकल बॅलड्स' १७९८, वर्डस्वर्थची ती मोठी प्रस्तावना १८००च्या दुसऱ्या आवृत्तीला. मग धाकटी पिढी. बायरन १७८८चा, शेली १७९२चा, कीट्स १७९५चा. आणि गेले ते बरोबर उलट्या क्रमाने: सर्वांत धाकटा कीट्स १८२१ साली रोममध्ये, पंचविसाव्या वर्षी; शेली १८२२ला समुद्रात बुडून; बायरन १८२४ला ग्रीसमध्ये. तिघांपैकी एकालाही इंग्लंडात मरण आलं नाही. हे एकदा मनाला लागलं की सहाही सालं जागेवर बसतात. मला ती पाठ करावी लागली नाहीत.

लाल शाईत काय आलं? कोलरिजचं 'बायोग्राफिया लिटरारिया', १८१७. लॅमचे 'एलिया' निबंध. हॅझलिटचं 'द स्पिरिट ऑफ द एज', १८२५. तिन्ही गद्यं. गेले तीन आठवडे माझ्या लाल शाईत गद्यच जास्त आहे. कविता मी जीव लावून वाचते आणि गद्य उरकते, हे मला कुणी सांगायची गरज राहिली नाही. कागदच सांगतो.

पहिल्या दोन खेपांना मी असा अभ्यास केला नव्हता. एकच गाइड चार वेळा वाचलं, पिवळ्या, गुलाबी, हिरव्या पेनाने ओळी रंगवल्या. चौथ्या वाचनाला प्रत्येक पान ओळखीचं वाटायचं आणि त्या ओळखीलाच मी तयारी समजले. एसटीत रोज दिसणारा माणूस ओळखीचा असतोच. पण त्याचं नाव विचारलं तर सांगता येत नाही. परीक्षा नाव विचारते.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ साली विस्मरणावर पुस्तक लिहिलं. निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून किती वेळात किती विसरतो, याचे प्रयोग त्याने स्वतःवरच केले. पहिल्या काही तासांत झपाट्याने गळती होते, मग ती मंदावते. माझी पहाटेची पायरी त्या गळतीच्या तोंडाशीच मांडलेली आहे. लाल झालेलं परत तीन दिवसांनी काढायचं, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी. कागदाच्या कोपऱ्यात त्या तारखा टाकते आणि पावणेसातला उठते.

सकाळी ७.१०

वाकडेवाडीच्या स्टँडवरून शिरूरची एसटी. मी शिक्रापूरच्या पुढे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. आठवड्याला नऊ तासिका. त्यांचे पैसे वेळेवर येत नाहीत. मागच्या सत्राचे या सत्रात आले. त्यावर अजून एवढंच म्हणते की जाण्यायेण्याचे पाच तास मला फुकट घालवणं परवडत नाही.

जाताना मी वाचत नाही. वाघोलीपर्यंत गाडी धक्के खात जाते, डोळे दुखतात. जाताना सनावळी आठवते. सनावळी हा इंग्रजीच्या सेटमधला सगळ्यांचा घाबरायचा भाग. चार पुस्तकं देतात, काळाच्या चढत्या क्रमाने लावा म्हणतात. आठशे-हजार वर्षांतली शेकडो पुस्तकं. नुसती घोकून ती राहत नाहीत, कारण १७५९ आणि १७६६ यांत डोक्याला पकडायला काही नसतं.

मला त्यावर वाट सापडली ती याच रस्त्यावर. लोणीकंद मागे पडलं की पेरणे फाटा येतो आणि डाव्या-उजव्या खिडकीतल्या माणसांच्या माना एका बाजूला वळतात. जयस्तंभ. १ जानेवारी १८१८ची कोरेगावची लढाई, स्तंभावर कोरलेली महार सैनिकांची नावं, १ जानेवारी १९२७ला बाबासाहेबांनी तिथे येऊन केलेलं अभिवादन, हे शिरूर तालुक्यातल्या पोराला शाळेत जायच्या आधी कळतं. मला तर आजोबांनी खांद्यावर बसवून दाखवलंय. १८१८ हे साल मला कधी पाठ करावं लागलं नाही. ते माझ्या अंगातच आहे.

मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन' लंडनमध्ये प्रसिद्ध झालं १ जानेवारी १८१८ला. तोच दिवस. हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं तेव्हा मी याच गाडीत होते आणि पुढचे दोन थांबे मला दुसरं काही सुचलं नाही. इकडे भीमेच्या काठी दिवसभर लढाई चालली होती आणि तिकडे वीस वर्षांच्या एका मुलीची, स्वतःचं नाव न घातलेली, तीन भागांतली कादंबरी दुकानात आली होती. त्याच जानेवारीत तिच्या नवऱ्याचं 'ओझिमँडियास' हे सुनीत लंडनच्या 'एक्झॅमिनर'मध्ये छापून आलं, वाळवंटात मोडून पडलेल्या एका राजाच्या पुतळ्यावरचं. पेशवाई मोडली त्याच वर्षी. कीट्सचं 'एन्डिमियन' त्याच वर्षीचं. ऑस्टिनच्या मरणानंतर एकत्र छापलेल्या 'नॉर्दँगर ॲबी' आणि 'पर्स्वेजन' यांच्यावर छापलेलं सालही १८१८.

यातल्या एकाचा दुसऱ्याशी कार्यकारण म्हणून संबंध जोडायचा नाही, हे मी स्वतःला बजावते. ही भिंतीतली खुंटी आहे. पण खुंटी आपल्या घरातली हवी, तरच तिच्यावर टांगलेलं राहतं. तेव्हापासून मी माझ्या खुंट्या मोजल्या. १६७४: रायगडावर राज्याभिषेक. त्याच वर्षी 'पॅराडाइज लॉस्ट'ची बारा सर्गांची दुसरी आवृत्ती निघाली आणि नोव्हेंबरात मिल्टन गेला. १७६१: पानिपत. तेव्हा स्टर्नचं 'ट्रिस्ट्रम शँडी' भागाभागाने निघत होतं आणि 'पामेला'वाला रिचर्ड्सन त्याच वर्षी वारला. १८४८: जोतीराव-सावित्रीबाईंची भिडेवाड्यातली शाळा. तिकडे प्री-रॅफेलाइट मंडळी एकत्र आली, गॅस्केलबाईंची 'मेरी बार्टन' आली, थॅकरेची 'व्हॅनिटी फेअर' पूर्ण झाली. १८५७: मुंबई विद्यापीठ, बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', आणि फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' पुस्तकरूपात. विधवांची दुःखं सांगणारी इकडची कादंबरी आणि लग्नात घुसमटणारी तिकडची एमा, एकाच वर्षी. १९३५: 'श्यामची आई', मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल', आर. के. नारायण यांची 'स्वामी अँड फ्रेंड्स', एलियटचं 'मर्डर इन द कॅथीड्रल'.

अशा माझ्या सव्वीस खुंट्या झाल्या आहेत. दोन खुंट्यांमधलं पुस्तक आलं तर निदान कुठल्या बाजूचं ते कळतं, आणि क्रम लावायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

सकाळी ९.१५

दोन तासिका. आज प्रथम वर्षाला सुनीत.

शिकवणं हीच उजळणी, असं सगळे म्हणतात, पण ते कधी खरं होतं? वर्गातून असा प्रश्न आला की ज्याचं उत्तर गाइडात नाही, तेव्हा. फळ्यावर मी तिन्ही आराखडे काढले. पेट्रार्कचं अष्टक आणि षट्क. शेक्सपिअरच्या तीन चतुष्पद्या आणि शेवटी जोडओळ. स्पेन्सरचं एकमेकांत गुंफलेलं यमक. वायट आणि सरे यांनी हा प्रकार इटलीतून आणला, १५५७च्या टॉटेलच्या संग्रहातून तो लोकांपुढे आला, केशवसुतांनी तो मराठीत आणला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, वळण कुठे येतं ते कवी ठरवतो की यमक ठरवतं?"

मी थांबले. पेट्रार्कमध्ये आठव्या ओळीनंतर यमकच बदलतं, तिथे विचारानेही वळायचं असतं. वळल्यावर सहा ओळी मिळतात, म्हणजे उत्तराला जागा ऐसपैस. शेक्सपिअरमध्ये बारा ओळी एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगता येते आणि उत्तराला उरतात दोन ओळी. दोन ओळींत समजूत निघते किंवा टोला बसतो, सविस्तर विचार बसत नाही. म्हणून त्याच्या शेवटच्या जोडओळी कधीकधी घाईच्या वाटतात. हे मी फळ्यापुढे उभी राहून, बोलता बोलता जुळवलं. याआधी मला तीन यमकांचे आराखडे येत होते. ते तसे का, ते आज आलं. मुलीला म्हटलं, "दोघंही ठरवतात गं. पण जागा किती उरली ते यमक सांगतं." तिने ते वहीत लिहून घेतलं. मी स्टाफरूममध्ये येऊन माझ्या वहीत लिहिलं.

दुपारी १२

परतीची गाडी. बसायला जागा मिळाली तर पहिल्या पेपरचे प्रश्न सोडवते. दहा घटक, प्रत्येकी पाच प्रश्न: अध्यापन, संशोधन, तर्क, आकडेमोड, पर्यावरण, उच्च शिक्षण वगैरे. साहित्याची माणसं या पेपरला हात लावत नाहीत आणि तिथेच राहतात. मीही तशीच राहिले. रोज पंधरा प्रश्न, त्यापुढे आज सांगण्यासारखं काही नाही.

दुपारी २.१५

मेसमध्ये जेवले. वीस मिनिटं डोळे मिटून पडले. मग अभ्यासिका.

शनिवार पेठेतली ही अभ्यासिका म्हणजे वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीचा दुसरा मजला. पन्नासेक खण, प्रत्येकाला एक दिवा, एक प्लग. माझा खण खिडकीशी आहे. दुपारी इथे पंख्यांचाच आवाज असतो.

दुपारचा वेळ आधी समीक्षा-सिद्धान्ताला. मला सगळ्यात जड जाणारा भाग मी मुद्दाम इथे ठेवलाय, कारण पहाटे तो घेतला तर दिवसाची हिंमत जाते. माझी पद्धत अशी: प्रत्येक सिद्धान्तकाराला एक पान, आणि पानावर तीनच प्रश्न. हा कुणाशी भांडतोय? काय म्हणतोय? आणि माझ्या घरातलं उदाहरण कुठलं? उत्तरं मराठीतून. पेपर इंग्रजीतून असतो, तरी मराठीतून. इंग्रजीत लिहिलं की गाइडातली वाक्यं हाताला येतात आणि आपल्याला समजलंय असा भास होतो. मराठीत ती वाक्यं तयार नसतात, म्हणून समजल्याशिवाय लिहिताच येत नाही.

सोस्यूरचं पान दाखवते. 'कोर्स इन जनरल लिंग्विस्टिक्स' १९१६चं, म्हणजे तो गेल्यानंतर तीन वर्षांनी, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सहकाऱ्यांनी उभं केलेलं. शब्दाला किंमत येते ती शेजारच्या शब्दांपासूनच्या फरकामुळे, हे त्याचं म्हणणं. त्याने उदाहरण दिलंय मेंढीचं. फ्रेंचमध्ये जिवंत मेंढी आणि ताटातलं मटण दोघांना एकच शब्द, इंग्रजीत दोन. म्हणून त्या दोन भाषांतल्या 'मेंढी'ची किंमत सारखी नाही. हे मी इंग्रजीत सहा वेळा वाचलं आणि दर वेळी मान डोलावून पुढे गेले. मग एकदा मेसच्या काकूंनी माझ्याबरोबर जेवायला आलेल्या बाईंकडे बघून विचारलं, "या मावशी का आत्या?" मी म्हटलं, "आत्या." आणि घास हातातच राहिला. इंग्रजीत दोघी आँट. तिथे या प्रश्नालाच जागा नाही. 'आत्या' या शब्दात माझ्या आत्याबद्दल काहीच नाही. त्यात एवढंच आहे की ती मावशी नाही, काकू नाही, मामी नाही. चौघींनी मिळून एकमेकींच्या हद्दी आखल्यात. एक शब्द काढून टाका, बाकीच्या तिघींना सरकून बसावं लागेल.

आता सोस्यूर मला कुठूनही विचारा.

हे बसलं की पुढचे सरळ येतात, कारण सगळे याच घराशी भांडत आलेत. देरिदा १९६६ला बाल्टिमोरच्या परिषदेत बोलला आणि १९६७ला त्याची तीन पुस्तकं निघाली, त्यांतलं एक 'ऑफ ग्रामॅटॉलॉजी'. त्याचा मुद्दा मी माझ्या पानावर असा लिहिलाय: हद्दी फरकाने आखल्या जात असतील तर त्या आखण्याला शेवट कुठे? 'आत्या' समजायला 'मावशी' लागते, 'मावशी' समजायला 'आई', 'आई' समजायला... कुठेच बूड लागत नाही. माझ्या १९६७च्या खुंटीवर 'शांतता! कोर्ट चालू आहे' आधीच टांगलेलं आहे, रंगमंचावर आलं ते साल. तिथेही शब्द खेळात वापरायला घेतले जातात आणि बेणारेबाईंच्या गळ्याशी येतात. पुन्हा सांगते, संबंध जोडत नाही. पण शेजारी टांगल्यावर दोघांकडेही मी जास्त वेळ बघत राहते.

चार वाजता 'इंग्लिश इन इंडिया' हा घटक घेतला. हा घटक माझ्या दृष्टीने आम्हा सगळ्यांच्या पोटातला आहे आणि तो लोक शेवटच्या आठवड्यावर टाकतात याचं मला वाईट वाटतं. १८१३ची सनद, २ फेब्रुवारी १८३५चं मेकॉलेचं टिपण. गौरी विश्वनाथन यांचं 'मास्क्स ऑफ काँक्वेस्ट' १९८९चं. इंग्रजी साहित्य हा शिकवायचा विषय म्हणून इंग्लंडच्या विद्यापीठांत रुजायच्या आधी हिंदुस्थानातल्या शाळा-कॉलेजांत उभा राहिला, आणि तो राज्यकारभाराच्या गरजेतून, असं त्यांनी त्यात दाखवलंय. पेरणे फाट्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला हे वाक्य नुसतं उत्तर म्हणून वाचता येत नाही. पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून १८२१ला पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. त्या परंपरेच्या टोकाला मी या खणात बसून मिल्टन करते आहे. मला हा विषय आवडतो. तो माझ्यापर्यंत कसा आला, हेही मला माहीत असलं पाहिजे. दोन्ही गोष्टी मी एकाच पानावर लिहून ठेवल्यात.

संध्याकाळी ५.३०

खाली टपरीवर चहा. सेट-नेट करणारे आम्ही चौघं. नियम असा की प्रत्येकाने दिवसभरात तीन प्रश्न तयार करून आणायचे, चार पर्यायांसकट. प्रश्न करणं सोपं असतं. चुकीचे पर्याय करणं अवघड, कारण ते खरे वाटायला हवेत, आणि खरे वाटायला हवे असतील तर शेजारची चार पुस्तकं आपल्याला माहीत हवीत.

आज मी आणलेला प्रश्न क्रम लावायचा होता. गॉडविनचं 'पोलिटिकल जस्टिस', पेनचं 'राइट्स ऑफ मॅन', बर्कचं 'रिफ्लेक्शन्स', आणि मेरी वुलस्टनक्राफ्टची दोन 'व्हिंडिकेशन्स', एक पुरुषांच्या हक्कांचं, एक स्त्रियांच्या. तिघांनीही चुकवलं. चुकणारच, १७९० ते १७९३ या चार वर्षांत पाच पुस्तकं आहेत.

मग मी भांडण सांगितलं. फ्रान्समध्ये क्रांती झाली. लंडनमध्ये एका धर्मोपदेशकाने तिचं कौतुक करणारं प्रवचन दिलं. बर्क भडकला, १ नोव्हेंबर १७९०ला त्याचं पुस्तक आलं. वुलस्टनक्राफ्टने त्याच महिन्याच्या अखेरीस उत्तर छापलं, तिच्याइतकं झटपट कुणी दिलं नव्हतं. पेनने १७९१ला पहिला भाग काढला. मग वुलस्टनक्राफ्टच्या लक्षात आलं की या सगळ्या हक्कांच्या भाषेत बायका कुठेच नाहीत, १७९२. गॉडविन सगळ्यांत सावकाश, दोन जाडे खंड घेऊन आला, १७९३. आणि याच गॉडविनशी तिने १७९७ला लग्न केलं, त्याच वर्षी तिला मुलगी झाली आणि बाळंतपणातून ती उठली नाही. अकरा दिवसांत गेली. ती मुलगी म्हणजे 'फ्रँकेन्स्टाइन'ची मेरी. कादंबरी तिने बापाला अर्पण केली. आईविना जन्माला आलेल्या जिवाची ती गोष्ट आहे.

चहा निवला होता. आमच्यातला एक जण, लातूरचा, म्हणाला, "हे एकदम घरातलंच निघालं की हो." त्याने मला परत सांगून दाखवलं, क्रमाने, एकही न चुकता. त्याला सनावळी येत नाही असं तो दोन वर्षं म्हणतोय.

संध्याकाळी ७

एक तास, पन्नास प्रश्न, घड्याळ लावून. जुन्या प्रश्नपत्रिका सेटच्या संकेतस्थळावर असतात, त्याच घेते. दुसऱ्या पेपरला दोन तासांत शंभर प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. उतारा असेल तर त्यात उतारा वाचणंही आलं. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडायचा नाही.

आज ३४ बरोबर. सोळा चुका तीन रकान्यांत वाटल्या. माहीतच नव्हतं: सात. प्रश्न नीट वाचला नाही: तीन. आणि आधी बरोबर केलं होतं, मग खोडून चूक केलं: सहा. हा तिसरा रकाना बघून पोटात खड्डा पडतो, कारण गेल्या वेळचे ते तीन प्रश्न इथलेच होते. आता स्वतःला घालून घेतलेली शिस्त अशी की कारण लिहिता आलं तरच उत्तर बदलायचं. समासात दोन शब्दांत कारण. 'वाटतंय' हे कारण धरायचं नाही.

रात्री ८.३०

आता मूळ पुस्तक. रोज एक तास, परीक्षा उद्या असली तरी. याबाबतीत माझं आणि मैत्रिणींचं पटत नाही. त्या म्हणतात, पाच आठवड्यांत मूळ वाचायला वेळ कुठाय, सारांश वाच. मला सारांशातलं काहीच राहत नाही. लिअर वादळात उघड्या डोक्याने उभा आहे हे ज्याने मुळातून वाचलं, तो कुठल्या अंकात ते विसरत नाही.

'किंग लिअर' सध्या चालू आहे, शेजारी विंदांचा 'राजा लिअर'. इंग्रजीत अडले की विंदांकडे जाते. त्यांनी तिथे काय केलंय ते बघितलं की मूळ ओळीत काय काय भरलं होतं ते उलगडतं. १६०८चा क्वार्टो, १६२३चा फोलिओ, दोन्हींत फरक आहेत. १६०८ हे तुकोबांचं जन्मसाल मानतात, खुंटी तयारच आहे. १६८१ला नेहम टेट याने शेवट बदलून कॉर्डेलियाला जिवंत ठेवलं, एडगरशी तिचं लग्न लावलं, आणि इंग्लंडातल्या प्रेक्षकांनी दीडेकशे वर्षं तेच नाटक पाहिलं. मला त्या प्रेक्षकांना हसावंसं वाटत नाही. शेवटचा प्रवेश वाचून झाल्यावर मीही पुस्तक पालथं घालून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

रात्री ९.४५

आईचा फोन. गावाकडे जेवणं उरकून ओटा झाडून झाला की ती फोन करते. आधी "जेवलीस का", मग गाईचं, मग पाण्याचं. मग मी तिला त्या दिवसाची गोष्ट सांगते, दहा मिनिटांत, पुस्तक न बघता. गेल्या दिवाळीत सहज सुरू केलं आणि आता तिलाच सवय लागलीय. आई सातवी शिकलेली आहे. ती मध्ये मध्ये अडवते, आणि ती जिथे अडवते तिथे माझं कच्चं असतं.

आज लिअर सांगितला. म्हातारा राजा, तीन मुली, राज्याच्या वाटण्या. थोरल्या दोघींनी गोड बोलून घेतलं, धाकटीने खोटं बोलायला नकार दिला, तिला हाकललं. मग थोरल्यांनी बापाला पावसात काढलं. आई "हं, हं" करत होती. 'नटसम्राट' तिने टीव्हीवर पाहिलंय, म्हणून तिला पुढचं ठाऊक असल्यासारखं वाटत होतं. मी वादळापर्यंत आले तेव्हा म्हणाली, "थांब. त्या पोरींची आई कुठंय?"

मी म्हटलं, "ती नाहीये नाटकात."

"मेली का?"

"नाटकात सांगितलेलंच नाही. एका वाक्यात तिच्या थडग्याचा उल्लेख येतो. बस."

"असं कसं? बापाचं डोकं फिरलं, पोरी घर वाटून घ्यायला लागल्या, आन् घरात बाईमाणूसच नाही? आपल्या त्या नाटकात कावेरी होती की. ती होती तोवर त्यानं कळ काढली."

कॉपेलिया कान यांचा १९८६चा निबंध आहे, 'द ॲबसेंट मदर इन किंग लिअर'. स्त्रीवादी समीक्षेच्या पानावर तो माझ्याकडे महिनाभर एका ओळीत पडून आहे: लेखिका, साल, शीर्षक. त्यात काय असेल ते मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. मी आईला म्हटलं, "आई, जरा धर," आणि ते पान शोधून त्या ओळीखाली तिचं वाक्य होतं तसं लिहून घेतलं.

"काय करतीस?"

"लिहून घेतेय."

"मी काय म्हणाले त्यात लिहिण्यासारखं?" मग थोडं थांबून, "बरं, मग धाकटी येते का परत?"

"येते," मी म्हटलं, आणि पुढचं सांगायला लागले.

रात्री १०.३०

खोलीतल्या दोघींपैकी एक झोपली आहे, एकीचा दिवा चालू आहे. उद्याचा कागद पॅडला लावला. वर फक्त 'लिअर' एवढं लिहिलं, निळ्या पेनाने. पुस्तक ट्रंकेत ठेवलं. गजर पावणेपाचचा.